प्लॅन नेटवरचा, ऊन सोलापूरचं

मागच्या अंकात सोलापुरात राहून ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ अशा रेसची, तयारी कशी चालते यावर थोडंसं लिहिलं होतं. त्यावर एवढे प्रश्न येतील असं संपादकांना वाटलं नव्हतं आणि मला तर नाहीच नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत, आधी पत्र आणि खाली माझं उत्तर. एक आधीच सांगून ठेवते, मी कोच नाही, डॉक्टर तर अजिबात नाही, बँकेत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात पोहते, सायकल मारते, पळते. ज्यांना बीपी, शुगर, हृदयाचं काही असेल त्यांनी आधी डॉक्टरांकडं जायचं आणि मग माझं वाचायचं.

ताई नमस्कार. वय ३८, जुळे सोलापूर. १० किलोमीटर पळतो, रविवारी सायकलवर तुळजापूर करून येतो. पोहायला गावाकडच्या विहिरीत शिकलोय, लै भारी पोहतो म्हणतेत सगळे. यंदा गोव्याची ७०.३, म्हणजे अर्धी आयर्नमॅन ट्रायथलॉन, करायचीच. पोरं म्हणायलेत फॉर्म भर की बे. भरू का?

फॉर्म भरायच्या आधी एक काम करा. महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर जा आणि न थांबता, कडेला हात न लावता, तोंड पाण्यात घालून फ्रीस्टाइलनं ४०० मीटर पोहून दाखवा. मला नाही, स्वतःला. विहिरीत शिकलेला माणूस पाण्याला भीत नाही, खोली बघून त्याच्या पोटात गोळा येत नाही, हा फार मोठा फायदा आहे, शहरात क्लास लावून शिकलेल्यांना तो मिळत नाही. पण विहिरीत आपण काय करतो, सूर मारतो, मुटका मारतो, डोकं वर काढून चार हात मारले की समोर दगडी भिंत येते. डोकं वर राहिलं की पाय खाली जातात आणि पाय खाली गेले की अख्खं शरीर पाण्यात तिरकं ओढत न्यावं लागतं. असं शंभर मीटर निभतं. रेसचे एकोणीसशे नाही निभत.

आता हिशेब. ७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. साधारण नियम असा की पोहणं १ तास १० मिनिटांत, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास, आणि सगळं मिळून साडेआठ तास, या वेळेच्या मर्यादेला कट-ऑफ म्हणतात. प्रत्येक रेसच्या गाईडमध्ये तिचे नेमके आकडे असतात ते वाचायचेच. १ तास १० म्हणजे शंभर मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. ऐकायला हे लई सोपं वाटतं, तलावावर जाऊन बघितलं की कळतं. समजा तुम्ही १ तास ५ मिनिटांत बाहेर आलात आणि कपडे-बूट-हेल्मेट यात ८ मिनिटं गेली, तर सायकलला उरले ४ तास १७ मिनिटं, म्हणजे ताशी २१ चा वेग, तोही पंक्चर, लघवी, बाटली पडणं हे सगळं धरून. पळायला मग जवळजवळ तीन तास राहतात. तुम्ही १० किलोमीटर पळता म्हणजे ते जमेल, सायकल तर जमेलच. अडणार ते पाण्यातच. आणि बघा, आपण सगळे वेळ घालवतो सायकलवर, कारण तिथं मित्र असतात आणि परत येताना वडापाव असतो.

गोव्यात पोहणं समुद्रात असतं, मिरामारच्या बाजूला. समुद्रात तलावासारखी खाली काळी रेघ नसते. त्यामुळं दर सहा-आठ हातांनी डोळे जरा पाण्यावर काढून समोरचा बोया बघायचा, याला सायटिंग म्हणतात, हे तलावातच शिकून घ्यायचं. वेटसूटची, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या तरंगवणाऱ्या रबरी सूटची, आशा ठेवू नका, २४.५ डिग्रीपर्यंतच्या पाण्यात तो घालायला परवानगी असते आणि आपल्याकडचा समुद्र त्याहून गरम असतो. युरोपातली मंडळी वेटसूटमुळं आपोआप तरंगतात, आपल्याला तरंगवणारं कुणी नाही.

तर उत्तर असं, की आज ४०० मीटर सलग होत असेल तर भरा, सहा-सात महिने आठवड्यातून तीनदा पोहा. होत नसेल तर यंदा एखादी ऑलिम्पिक अंतराची रेस करा, १.५, ४० आणि १०, आणि गोवा पुढच्या वर्षी. समुद्र कुठं जात नाही.

ओपन वॉटरचा, म्हणजे उघड्या पाण्यात पोहायचा, सराव कुठं करू असं चौघांनी विचारलंय, त्यातल्या एकानं हिप्परगा आणि एकानं थेट उजनी. हिप्परग्याचं पाणी शहराच्या पिण्याचं आहे, परवानगीशिवाय उतरायचं नाही. उजनीच्या बॅकवॉटरला वारा सुटला की बघता बघता लाटा होतात, मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते आपल्याच जिल्ह्याच्या काठावरचं आहे. एकट्यानं तर नाहीच. सोबत होडी, होडीत पोहणारा माणूस, कमरेला केशरी फुगा आणि स्थानिक मच्छीमारांना विचारून, एवढं जमत असेल तर उतरा. नसेल तर कोल्हापुरात राजाराम तलावाला रेस होतात, त्याच्या आदल्या दिवशी सरावाला पाण्यात सोडतायत का ते विचारून जा.

चिंचोळी एमआयडीसीत शिफ्ट ड्यूटी आहे. नेटवरनं १६ आठवड्यांचा ट्रेनिंगचा प्लॅन उतरवून घेतला. मे महिन्यात सकाळी सातला १४ किलोमीटर पळताना डोळ्यासमोर अंधारी आली, अंगावर काटा आला, मळमळलं. मित्र म्हणाला साखर कमी झाली असेल. काय झालं असेल आणि काय करू सांगा की.

साखर कमी झाली का ते मी सांगू शकत नाही, डॉक्टरांना एकदा दाखवाच. पण मे महिन्यात, सोलापुरात, सकाळी सातला १४ किलोमीटर, हे वाचूनच मला घाम फुटला. ज्यानं तो प्लॅन लिहिलाय तो कुठल्या तरी थंड गावात बसलाय, त्याच्याकडं मे म्हणजे वसंत. आपल्याकडं मे महिन्यात सहाच्या आत सूर्य वर येतो, सातला डांबर तापायला लागलेलं असतं, आणि पारा ४२-४३ ला जाणाऱ्या दिवसांत तर रात्रीसुद्धा भिंती गार होत नाहीत. उन्हात अंगावर काटा येणं, थंडी वाजल्यासारखं होणं, मळमळ, चक्कर, ही शरीर तापल्याची खूण आहे. तिथंच थांबायचं, सावलीत बसायचं, डोक्यावर-मानेवर पाणी ओतायचं, घरी फोन करायचा. "एवढे दोन किलोमीटर संपवतो" हे वाक्य बंद.

आणि सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर तो उष्माघात समजायचा. त्यात घाम थांबलेलाच असतो असं काही नाही, पळणाऱ्याला घाम येत असतानाही होतो. आधी गार करायचं, सापडेल ते पाणी अंगावर, ओला पंचा, वारा, बर्फ मिळाला तर बगलेत आणि मानेला, आणि तेवढ्यात दुसऱ्यानं १०८ लावायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

आता तयारीचं. उन्हाची सवय लागते, शरीर दहा-चौदा दिवसांत शिकतं. रोज ४५ मिनिटं ते तासभर, अगदी हळू, गप्पा मारता येतील इतकं हळू. मग रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि घामातनं मीठ कमी जातं. पण मे मध्ये एकदम लांब पल्ला धरायचा नाही, या दिवसांत वेग विसरायचा आणि घड्याळात फक्त हार्ट रेट बघायचा, नेहमीपेक्षा किलोमीटरला मिनिटभर जास्त लागलं तरी हरकत नाही. लांब पल्ले जुलै ते जानेवारी. एप्रिल-मे हे पोहण्याचे महिने समजा, तेवढं तरी देवानं आपल्यासाठी सोयीचं केलंय.

किती पाणी प्यायचं ते कुणाला विचारू नका, वजनकाट्याला विचारा. पळायच्या आधी कमीत कमी कपड्यांत वजन, तासभर पळून आल्यावर घाम पुसून परत वजन. समजा ६२ किलोचे ६०.८ झाले आणि मधे अर्धा लिटर प्यालात, तर तासाला १.७ लिटर घाम गेला. तेवढं सगळं धावताना पिता येत नाही आणि प्यायचंही नाही, पण अंदाज येतो. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचं, वजन वाढून घरी आलात तर समजा जास्त प्यालात. ओआरएसचं साधारण २०.५ ग्रॅमचं पाकीट येतं ते एक लिटर पाण्यासाठी असतं, ७५० च्या सायकलच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतून "लई घट्ट लागतंय" म्हणणारे मी बघितलेत. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलेला बघून घ्या. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हेत.

एक गोष्ट सोलापूरकरांना मुद्दाम सांगायची आहे. आपलं ऊन कोरडं. घाम आला की लगेच वाळतो, बनियनवर मिठाची पांढरी रेघ दिसते पण अंग ओलं दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं आपल्याला घामच येत नाही. गोव्यात उलटं, पारा ३२-३३ लाच असतो पण हवेत इतकी ओल की घाम नुसता गळतो, वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. "आम्ही ४३ मध्ये पळतोय, ३२ काय घेऊन बसलाय" म्हणत गेलेले आपले बहाद्दर तिथं १२व्या किलोमीटरला फुटपाथवर बसलेले सापडतात.

शिफ्टचं एवढंच, की नाइट करून आल्यावर सरळ पळायला जाऊ नका. आधी झोप. झोप गेली त्या दिवशी ट्रेनिंगही गेलं असं समजून सोडून द्या, प्लॅनमधला तो चौकोन रिकामा राहू दे.

ताई, विजापूर रोडला राहते, दोन मुलं आहेत. पहाटे पळायला निघायचं म्हटलं की अंधार, कुत्री आणि शेजारच्या काकू, तिन्हींची भीती वाटते. कपडे काय घालायचे, पाळीत पोहायचं काय आणि घरी काय सांगायचं?

कुत्र्यांचं सोपं आहे. पळायचं थांबायचं, त्यांच्याकडं तोंड करून हळू चालत जायचं, पाठ दाखवून पळायचं नाही. चावलंच तर घरी जाऊन हळद लावायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस. अंधाराला उपाय म्हणजे सोबत, अजून एकजण शोधा, पार्क स्टेडियमच्या बाजूला सकाळी बाया असतात, दोन दिवस नुसतं चालायला जा, ओळखी होतात. काकूंवर उपाय नाही.

कपड्यांवर पहिला खर्च चांगल्या स्पोर्ट्स ब्राचा, बुटांच्याही आधी. वर कुर्ता घाला, टी-शर्ट घाला, ओढणी सोडून काहीही घाला, ती सायकलच्या चेनमध्ये जाते. रेसला ट्रायसूट असतो, एकच कपडा तिन्हीला चालतो. पहिल्यांदा घालून आरशात बघितलं की आपण नाही बा जाणार असं वाटतं, तिथं गेल्यावर सगळ्याच तशा असतात, कुणी कुणाकडं बघत नाही. पाळीत थांबायची गरज नाही, पाण्यात पॅड चालत नाही, कप किंवा टॅम्पॉन लागतो, कपची सवय आधी दोन-तीन महिने घरी करून घ्या. दमायला फारच होत असेल, जिना चढून धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह) दोन्ही तपासून घ्या, आपल्याकडं बायका वर्षानुवर्षं कमी रक्तावर संसार ओढतात आणि वर म्हणतात वय झालं.

घरी काय सांगायचं. मी सांगितलं नव्हतं, नुसती जायला लागले. आठवड्यानं सासूबाईंनी विचारलं, "तुझी पोलीस भरती आहे का गं?" मग एकदा त्यांनाच तलावावर नेलं. आता रविवारी मी उशिरा उठले तर त्याच विचारतात, आज नाही का जायचं. तुमच्या घरी असंच होईल असं नाही, पण सोमवारी आठवड्याचं वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावा आणि त्यात नवऱ्याची डब्याची पाळी पण लिहा, बाकीच्या भांडणाला मग निदान कागद तरी असतो.

बार्शीचा आहे. सायकलचं बजेट ४० हजार. मित्र म्हणतो दीड लाखाची कार्बन फ्रेमची घे नाहीतर नाद सोड. शिवाय पंक्चर इतके होतात की दर रविवारी कुणीतरी टेम्पोत सायकल टाकून परत येतंय.

मित्राकडं दीड लाखाची आहे का? असेल तर तो तुमची सोबत शोधतोय.

४० हजारात ॲल्युमिनियमची साधी रोड बाईक येते, पहिली दोन-तीन वर्षं ती पुरते. सपाट रस्त्यावर वजनानं फारसा फरक पडत नाही, वाऱ्यानं पडतो, आणि वाऱ्याला अडवणारी मुख्य वस्तू सायकल नसून आपण स्वतः. दोन किलो हलकी सायकल तुळजापूरच्या घाटात जाणवेल, बाकी आपल्या भागात चढ आहेच कुठं. म्हणून मापाची फ्रेम घ्या, सीटची उंची जाणकाराकडनं बसवून घ्या, उरलेल्या पैशात हेल्मेट, पुढं-मागं लाइट, पंप आणि दोन चांगली टायरं.

पंक्चरचं मूळ दोन गोष्टींत आहे. एक वेडी बाभूळ. दुसरं म्हणजे हायवेच्या कडेला पडलेल्या तारा. ट्रकचं टायर फुटलं की त्यातल्या पोलादी जाळीचे केसाएवढे बारीक तुकडे कडेच्या पट्ट्यावर उडतात, आणि आपण सायकलवाले बरोबर त्याच पट्ट्यावरनं जातो. पंक्चर झालं की नवी ट्यूब लगेच घालायची नाही. आधी जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक कुठं आहे ते बघायचं, ट्यूब टायरवर ठेवून ती जागा जुळवायची, मग टायरच्या आतनं कापसाचा बोळा सावकाश फिरवायचा. तार असेल तर कापूस अडकतो. बाहेरनं ती दिसतच नाही, आतनं मिलिमीटरभर डोकावत असते. चिमट्यानं, नाहीतर नखांनी ओढून काढायची आणि मग ट्यूब. हे न करता तीन ट्यूब घालवून टेम्पोला हात करणारे सगळे तारेचेच बळी. टायर फुटपाथवर नाही तर घरी टीव्हीसमोर बसून काढायची-घालायची सवय करा, रेसमध्ये दुसरं कुणी काढून देत नाही.

रस्त्यांबद्दलही विचारलंय. सोलापुरातनं विजापूर रोडनं टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात, रविवारी सकाळी बरं असतं. जून-जुलैत पश्चिमेचा वारा इतका असतो की हैदराबाद रोडला जाताना आपण चॅम्पियन आणि येताना सायकल ढकलावीशी वाटते, म्हणून त्या दिवसांत आधी पुणे रोडला तोंड करायचं, दमायचं काम आधी. आणि गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर, उजाडायच्या आत हायवेवर जाऊच नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, उसाचे शेंडे बाहेर आलेले, अंधारात ते एकदम पुढ्यात येतात.

अजून एक. आपण ग्रुपनं जातो तेव्हा पुढच्याच्या चाकाला चाक लावून जातो, त्यानं मागच्याचा त्रास बराच कमी होतो. ७०.३ ला ते चालत नाही, पुढच्या सायकलपासून १२ मीटर लांब राहायचं, नाहीतर वेळेचा दंड. म्हणून महिन्यातनं दोन रविवार तरी एकट्यानं वारा खा, मग कळतं आपला खरा वेग काय आहे.

छोटे छोटे प्रश्न

_घड्याळ कुठलं?_ जे आहे ते. पाण्यात चालेल आणि बॅटरी नऊ तास टिकेल एवढं बघा.

_सकाळी चहा पिऊन पळू का?_ प्या. मी पिते.

_ट्रायथलॉन आणि आयर्नमॅन एकच का?_ नाही. ट्रायथलॉन हा खेळ, २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. आयर्नमॅन हा एका कंपनीचा ब्रँड. त्याची पहिली रेस १८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईत झाली, १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली, गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. वाद काय तर सगळ्यात तंदुरुस्त कोण, पोहणारा, सायकलवाला की पळणारा, म्हणून तिन्ही एका दिवसात लावून टाकलं. पूर्ण अंतर ३.८, १८० आणि ४२.२. त्याच्या निम्मं म्हणजे ७०.३ मैल, किलोमीटरमध्ये ११३.

होटगी रोडचे आम्ही चौघं मित्र. दोघं रेस करणार, दोघं नुसते येणार. एक सात सीटर गाडी, दोन सायकली. गोव्याला कसं जायचं, काय न्यायचं, काय खायचं?

हे पत्र वाचून मजा आली, कारण खरी रेस गाडीतच असते.

सोलापूर, विजापूर, बेळगाव आणि चोर्ला घाट उतरून पणजी, साधारण साडेचारशे किलोमीटर. दोन दिवस आधी पोचायचं. आदल्या दिवशी सायकल जमा करायची असते, ब्रीफिंग असतं, त्यात तुम्ही घाटात ट्रकमागं अडकलेले नको. येताना गाडी रेस न केलेल्यानंच चालवायची, त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. संध्याकाळीच निघू म्हणणाऱ्याची किल्ली काढून घ्या.

सायकली आत घालायच्या तर मागच्या सीट आडव्या करा. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, खाली करायच्या आधी त्यावर चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर गोव्यात अंदाजानं बसवाल आणि ६०व्या किलोमीटरला गुडघा बोलायला लागेल. गिअर सगळ्यात लहान चकतीवर आणून मग मागचं चाक काढायचं, म्हणजे डिरेलर (गिअर बदलणारा भाग) आत वळून बसतो, मार लागत नाही. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा घालायचा, कारण गाडीत कुणाचा तरी गुडघा ब्रेकला लागतोच, पॅड चिकटतात आणि मग रात्री अकराला हॉटेलच्या पार्किंगमध्ये स्क्रू ड्रायव्हर शोधत फिरावं लागतं. पेडल काढत असाल तर डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा, जोर लावून आटे खराब करू नका. चेनची बाजू वर. आणि दोन फ्रेमच्या मधे आपली सोलापुरी चादर, दुहेरी करून. पॅडिंगची महागडी पिशवी मिळते बाजारात, मला तरी चादरीनं कधी दगा दिला नाही, शिवाय रात्री एसीत पांघरता येते.

खाण्याचं बघा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी गाडीत हवीच, त्याशिवाय आपण विजापूर ओलांडत नाही. पण ती जाताना आणि रेस झाल्यावर. रेसच्या आदल्या दिवशी दुपारपासून तेल, तिखट, शेंगदाणा, उसळ, सगळं बंद, साधा भात, वरण, दही, बटाटा. गोव्यात गेलोय म्हणून मासे खायचे असतील तर रेस झाल्यावर खा, पळून जात नाहीत. रेसमध्ये सायकलवर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) पोटात जायला हवेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. केळं, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, पाकिटातलं एनर्जी जेल, जे काय घेणार असाल ते घरी तीन-तीन तासांच्या राइडवर आधी खाऊन बघितलेलं पाहिजे. तिथल्या स्टॉलवर फुकट मिळालेलं नवीन जेल रेसच्या दिवशी फोडायचं नाही. का ते विचारू नका, २१ किलोमीटरमध्ये संडास फार लांब लांब असतात.

आणि नुसत्या येणाऱ्या दोघांना काम द्या. पळण्याचा रस्ता बहुतेक वेळा फेऱ्यांचा असतो, तेव्हा एकानं एका टोकाला आणि दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाला उभं राहायचं. बाहेरच्यानं खायला-प्यायला दिलेलं चालत नाही, सोबत पळणंही नाही, पण ओरडायला बंदी नाही. पंधराव्या किलोमीटरला, जेव्हा पाय उचलत नाहीत आणि आजूबाजूला सगळे इंग्रजीत काहीतरी छान छान ओरडत असतात, तेव्हा गर्दीतनं "पळ की बे, झोपलास काय!" असं ऐकू आलं की काय होतं ते लिहून सांगता येत नाही.

सात रस्त्याला राहतो. ११३ किलोमीटरच्या रेसला गेलो होतो. जायच्या आधीच मित्रमंडळानं चौकात फ्लेक्स लावला, "आपला आयर्नमॅन", माझा सायकलवरचा फोटो आणि खाली मंडळाच्या सगळ्यांचे फोटो. सायकलच्या कट-ऑफला चार मिनिटं कमी पडली, पायातली वेळ मोजायची चिप काढून घेतली. परत आलो तर फ्लेक्स तसाच. रोज त्याच्याखालनं ऑफिसला जातोय आणि लोक हात मिळवतेत. काय करू?

पहिल्यांदा, हात मिळवणाऱ्याला तिथंच सांगून टाका, "पूर्ण नाही झाली, चार मिनिटं कमी पडली." तीन-चार जणांना सांगितलं की चौकात आपोआप पसरतं, ती काळजी करू नका. मंडळाला म्हणा फ्लेक्स उतरवा. परवानगी न घेता लावला असेल तर महापालिका नेईलच एक दिवस, तोवर कशाला थांबायचं. आणि पूर्ण झाली असती तरी ७०.३ वर नुसतं आयर्नमॅन लिहिणं जरा जास्तच होतं, ते पूर्ण अंतरवाल्यांना राहू दे.

आता चार मिनिटांचं. तुम्ही पत्रात सगळ्या वेळा लिहिल्यात ते फार बरं केलंत. पोहणं ५८ मिनिटं, उत्तम. त्यानंतर कपडे बदलायला १७ मिनिटं! १७ मिनिटांत काय केलंत हो, आंघोळ? आणि सायकलचे पहिले ३० किलोमीटर ३२ च्या वेगानं, पुढचे ६० पायात गोळे येऊन १८ च्या आसपास. म्हणजे ती चार मिनिटं सायकलवर गेलीच नाहीत, ती तंबूतच गेली. घरी गच्चीवर टॉवेल अंथरा, त्यावर ओळीनं हेल्मेट, गॉगल, नंबरचा पट्टा, बूट, मोजे आत पावडर टाकून गुंडाळलेले. ओल्या अंगानं बादलीतनं उठून सायकल धरून पळेपर्यंत घड्याळ लावा. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, तो नियमच आहे. पाच मिनिटांच्या आत येईपर्यंत रोज करा, शेजारचे बघतील, बघू द्या. आणि सायकलचा पहिला तास कुणीही पुढं गेलं तरी जाऊ द्यायचं, ताशी २५ च्या वर काटा न्यायचा नाही.

पुढचा फॉर्म भराल तेव्हा मंडळाला तारीख सांगू नका.